वाहनात इंधन भरण्याची सोय : एका वादाचे तांत्रिक व भाषिक विवेचन

प्रस्तावना

सोय हा मराठीतील अत्यंत लवचीक शब्द होय. पाहुण्यांच्या उतरण्याची सोय, विद्यार्थ्यांच्या बसण्याची सोय, म्हातारपणाची सोय अशा नाना अर्थांनी तो वापरला जातो आणि प्रत्येक वेळी सोय कोणाची व ती कोणी करावयाची या दोन गोष्टी न सांगताच समजल्या जातात. तंत्रज्ञानविषयक चर्चेत हाच शब्द येतो तेव्हा मात्र या दोन्ही गोष्टी गळून पडतात. पेट्रोलची मोटार अधिक सोयीची की विजेची, हा गेल्या दहा-पंधरा वर्षांतील चिवट वाद याचे उत्तम उदाहरण आहे. एक पक्ष म्हणतो, पेट्रोल पाच मिनिटांत भरून होते, बॅटरी भरण्यास आठ तास लागतात. दुसरा पक्ष म्हणतो, विजेची मोटार रात्री दारात उभी असताना भरते, तिच्यासाठी पंपावर जावेच लागत नाही. दोन्ही विधाने खरी आहेत. दोन खरी विधाने समोरासमोर ठेवूनही वाद मिटत नसेल तर मोजण्याच्या पद्धतीतच काही भेद असला पाहिजे.

प्रस्तुत लेखात हा भेद कोठे आहे, त्यामागील तंत्र कोणते आणि या क्षेत्रातील परिभाषा तो उघड करते की झाकते, याचा विचार केला आहे. कोणते वाहन घ्यावे याचा सल्ला देणे हा लेखाचा हेतू नाही.

इंधन मिळवण्याची खटपट : थोडा पूर्वेतिहास

ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी आपल्या दोन मुलांसह, पती कार्ल बेंझ यांनी तयार केलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइम ते फोर्त्सहाइम असा सुमारे शंभर किलोमीटरांचा प्रवास केला. जगातील हा पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास मानला जातो. वाटेत इंधन संपले तेव्हा त्यांनी वीसलोख या गावातील औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचा द्रव विकत घेतला. हा द्रव कपड्यांवरील डाग काढण्यासाठी वापरला जात असे. पंप नव्हता, पंपाची कल्पनाही नव्हती. तरीही इंधन मिळाले, कारण ते दुसऱ्याच कारणासाठी गावात आधीपासून विकले जात होते.

या घटनेकडे केवळ मनोरंजक किस्सा म्हणून पाहणे योग्य होणार नाही. एखादे इंधन सोयीचे ठरते ते यंत्रामुळे तर खरेच, पण त्याहून अधिक ते यंत्राभोवती आधीच उभ्या असलेल्या व्यवहारामुळे. अमेरिकेच्या ग्रामीण भागात वीज पोहोचण्याच्या कित्येक दशके आधी दिव्याचे केरोसीन पोहोचले होते. सिल्व्हेनस बाउझर यांनी १८८५ मध्ये इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे जो पंप तयार केला तो केरोसीन मोजून देण्यासाठी होता; पुढे तशाच पंपांतून पेट्रोल मिळू लागले. म्हणजे पेट्रोलच्या मोटारीस वितरणाची व्यवस्था जवळजवळ आयती मिळाली.

विजेच्या मोटारीची बाजू त्या काळी दुर्बळ नव्हती. पेट्रोलचे इंजिन सुरू करण्यासाठी पुढचा दांडा हाताने जोर लावून फिरवावा लागे आणि तो उलटा झटका देऊन मनगट मोडण्याचे प्रकार घडत. विजेची मोटार कळ दाबताच निघे. १८९७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या गाड्या धावू लागल्या तेव्हा त्यांच्या जड बॅटऱ्या एका मध्यवर्ती ठिकाणी बदलून देण्याची व्यवस्था होती. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत स्टार्टर आला आणि विजेच्या मोटारीचा एक मोठा फायदा नाहीसा झाला. तो नाहीसा करण्यास वीजच उपयोगी पडली, हे येथे नोंदवण्यासारखे आहे.

स्वतः भरावे की कोणी भरून द्यावे

पेट्रोल भरण्याच्या सोयीविषयीचा दुसरा वाद अमेरिकेत सत्तर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. वाहनचालकाने स्वतः नळी हातात घेऊन पेट्रोल भरण्यास न्यू जर्सी राज्याने १९४९ मध्ये व ओरेगॉन राज्याने १९५१ मध्ये बंदी घातली. ओरेगॉनच्या कायद्यात या बंदीची कारणे सविस्तर दिली होती. आगीचा धोका, ओल्या जमिनीवर घसरण्याची भीती, वाफांचा आरोग्यावर होणारा परिणाम, वृद्ध व अपंग व्यक्तींची अडचण आणि सेवकांचा रोजगार अशी ती कारणे होत. इतर राज्यांतील लोक या यादीची थट्टा करीत आले आहेत, कारण त्यांच्याकडे लाखो लोक रोज स्वतःच पेट्रोल भरतात. २०१८ पासून ओरेगॉनमधील विरळ वस्तीच्या जिल्ह्यांत ही बंदी सैल झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये संपूर्ण राज्यात स्वतः भरण्याची मुभा मिळाली. मात्र मोठ्या वस्तीच्या भागांत निम्मे पंप तरी सेवकांनी चालवावेत, अशी अट त्याच कायद्यात ठेवली आहे. न्यू जर्सीने बंदी कायम ठेवली.

भारतीय वाचकास हा वाद काहीसा परका वाटेल. आपल्याकडे पंपावरील कर्मचारीच पेट्रोल भरतो आणि ‘साहेब, झिरो बघा’ असे सांगून आपल्या कामाचा पुरावाही देतो. शंका आल्यास पाच लिटरचे प्रमाणित माप लावून पाहण्याचा आणि गाळणकागदावर थेंब टाकून शुद्धता तपासण्याचा आग्रह ग्राहक धरू शकतो. या सर्व व्यवहारात ग्राहकाचे श्रम जवळजवळ शून्य आहेत. येथील पेट्रोलपंपाची सोय ही मोठ्या प्रमाणात दुसऱ्या माणसाच्या उन्हातान्हात उभे राहण्याची सोय आहे. विद्युत भरणकेंद्रावर बहुधा असा माणूस नसतो. जड तार उचलणे, ती वाहनात बसवणे, भ्रमणध्वनीवरील अॅप उघडणे, पैसे आगाऊ भरणे ही कामे ग्राहकाकडे आली आहेत. पेट्रोल व वीज यांची तुलना करताना हे श्रमांचे हस्तांतरण सहसा हिशेबात धरले जात नाही. अमेरिकी ग्राहकास त्यात नवे काही नाही. भारतीय ग्राहकास, विशेषतः वयस्कर ग्राहकास, ते पुरते नवे आहे.

मिनिटांचा हिशेब

आता मूळ वादाकडे वळता येईल. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. अमेरिकेतील नियमांनुसार पंपाची नळी मिनिटाला जास्तीत जास्त १० गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लिटर पेट्रोल देऊ शकते. याचा अर्थ असा की, पेट्रोल भरणारी व्यक्ती मिनिटाला सुमारे ३४० किलोवॅट-तास ऊर्जा टाकीत ओतत असते. विजेच्या भाषेत सांगावयाचे तर तिच्या हातातील नळी सुमारे २० मेगावॅट क्षमतेची आहे. महामार्गावरील ६० किलोवॅटचे विद्युत भरणयंत्र मिनिटाला एक किलोवॅट-तास देते. एवढा प्रचंड फरक पाहता पहिल्या पक्षाचा विजय झाला असेच वाटेल.

परंतु पेट्रोलमधील ऊर्जेचा मोठा भाग इंजिनातून उष्णतेच्या रूपाने वाया जातो, तर विजेच्या मोटारीत बॅटरीतील बहुतांश ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते. म्हणून ऊर्जेऐवजी अंतर मोजणे अधिक न्याय्य होईल. लिटरला १५ किलोमीटर जाणारी मोटार धरल्यास वरील नळी मिनिटाला ५७० किलोमीटरांचे अंतर देते. विजेची छोटी मोटार एका किलोवॅट-तासात सुमारे ६.५ किलोमीटर जाते असे धरल्यास ६० किलोवॅटचे यंत्र मिनिटाला साडेसहा किलोमीटर देते. फरक कमी झाला, तरी तो सुमारे नव्वद पटींचा आहे. घरातील १५ अँपिअरच्या प्लगवर तर हा वेग तासाला जेमतेम वीस किलोमीटर इतका खाली येतो.

मात्र येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. वाहनाचा वेळ वेगळा आणि माणसाचा वेळ वेगळा. मटकी भिजण्यास आठ तास लागतात, पण ती भिजत घालणाऱ्याचे काम दोन मिनिटांत संपते; उसळ करावयाची तर आठ तास खर्ची पडले असे कोणी म्हणत नाही. रात्री दारात उभ्या असलेल्या मोटारीचे तसेच आहे. ती आठ तासांत १५ अँपिअरच्या साध्या प्लगवरही दीडशे किलोमीटरांची तजवीज करून घेते आणि या काळात मालक झोपलेला असतो.

रोज ४० किलोमीटर मोटार चालवणाऱ्या व्यक्तीचा महिन्याचा हिशेब मांडून पाहिल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. महिन्याला १२०० किलोमीटर, म्हणजे ८० लिटर पेट्रोल. ३५ लिटरच्या टाकीस दोन-तीन खेपा. वाकडी वाट, रांग व पैसे देणे धरून खेपेस दहा-बारा मिनिटे धरल्यास महिन्यास अर्धा तास होतो. विजेच्या मोटारीस रोज रात्री तार लावणे व सकाळी ती काढणे यास मिळून एक मिनिट धरले तर तेथेही महिन्यास अर्धा तासच होतो! ज्यांस पाचव्या दिवशी एकदा तार लावली तरी पुरते त्यांचा हिशेब सहा मिनिटांवर येतो. दोन्ही पक्ष ज्या फरकावर एवढा आवाज चढवतात तो शहरातील नित्याच्या वापरात फारसा उरतच नाही. अर्थात, मोटार दारात उभी राहते व दारात प्लग आहे, हे यात गृहीत धरले आहे. या गृहीताकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

लांबच्या प्रवासात चित्र पालटते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा असून तो जून २०२५ मध्ये पूर्णतः खुला झाला. पेट्रोलच्या मोटारीस या अंतरात एकदा थांबणे पुरते. ५० किलोवॅट-तासाची बॅटरी असलेली विजेची मोटार महामार्गाच्या वेगाने किलोवॅट-तासाला ६ किलोमीटर जाते असे धरू. पूर्ण भरून निघाल्यावर २० टक्के शिल्लक उरेपर्यंत २४० किलोमीटर होतील. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर २० ते ८० टक्के भरल्यास १८० किलोमीटर मिळतील. म्हणजे तीन थांबे आणि प्रत्येकी सुमारे चाळीस मिनिटे, एकूण दोन तास. जेवण व चहा यांत त्यातील काही वेळ सामावतो हे खरे, पण चहाची वेळ यंत्राने ठरवावी हे सर्वांनाच रुचेल असे नाही. शिवाय येथे वाहनाचा वेळ व माणसाचा वेळ एकच होतो. रांगेचा प्रश्न तर याहून बिकट आहे. पुढे तीन मोटारी असतील तर पेट्रोलपंपावर पंधरा मिनिटे जातात, भरणयंत्रापाशी दोन तास.

ऐंशी टक्क्यांनंतरची मंद चाल

पेट्रोलची टाकी पहिल्या लिटरपासून शेवटच्या लिटरपर्यंत एकाच गतीने भरते. बॅटरीचे तसे नसते. रिकाम्या एस.टी. गाडीत पहिले वीस प्रवासी झटपट जागा घेतात. शेवटच्या चार-पाच जागांसाठी मात्र वाट काढावी लागते, कोणाला सरकावे लागते, पिशव्या उचलाव्या लागतात. लिथियम-आयन बॅटरी भरताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत अशाच जागा शोधत असतात. जागा कमी उरल्या असता तेवढ्याच जोराने प्रवाह लोटला तर लिथियम आत न शिरता ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर धातुरूपाने साचू लागते. त्यामुळे बॅटरीची क्षमता कायमची घटते व सुरक्षिततेसही बाधा येते. म्हणून बॅटरीचे नियंत्रक यंत्र साधारणपणे ८० टक्क्यांनंतर प्रवाह कमी करीत नेते. शेवटच्या २० टक्क्यांस आधीच्या ६० टक्क्यांइतकाही वेळ लागू शकतो.

थंडीत ही क्रिया सुरुवातीपासूनच मंदावते. जानेवारी २०२४ मधील थंडीच्या लाटेत शिकागो परिसरातील भरणकेंद्रांवर विजेच्या मोटारींच्या रांगा लागल्या होत्या. दुसरीकडे त्याच वर्षी नॉर्वेसारख्या थंड देशात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के मोटारी पूर्णतः विजेवर चालणाऱ्या होत्या. या दोन घटना एकमेकींस खोडून काढतात असे अनेकदा मानले जाते, तसे नाही. नॉर्वेत घरी वाहन भरण्याची व्यवस्था व्यापक आहे. थंडी तीच, पण रात्रभर दारात उभ्या असलेल्या मोटारीस मंद गतीचा त्रास होत नाही.

परिभाषेचा गुंता

या विषयावरील वाद जितका यंत्रांमुळे तितकाच शब्दांमुळे लांबला आहे. किलोवॅट व किलोवॅट-तास यांची गल्लत सर्वांत अधिक आढळते. जाहिरातींत व वृत्तपत्रांतही ती दिसते. पहिला शब्द नळाची धार सांगतो, दुसरा बादलीतील पाणी. गंमत अशी की, किलोवॅट-तासाला मराठी माणसाकडे उत्तम शब्द आधीपासून आहे. महावितरणच्या देयकातील ‘युनिट’ तो हाच. ‘या मोटारीची बॅटरी ४० युनिटांची आहे’ असे सांगितले तर घरचे वीजबिल भरणाऱ्या कोणालाही तिचा आकार व ती भरण्याचा खर्च तत्काळ कळेल. पण तसे कोणी सांगत नाही, कारण युनिट हा शब्द तांत्रिक वाटत नाही.

पारिभाषिक मराठीचीही येथे अडचण होते. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ‘प्रभार’ हा शब्द रूढ असल्याने चार्जिंगला ‘प्रभारण’ म्हणावे हे शास्त्रशुद्ध आहे. परंतु महाविद्यालयीन वर्तुळात प्रभार म्हटले की बॅटरी आठवत नाही, प्रभारी प्राचार्य आठवतात. असाच घोटाळा आद्याक्षरांचा. मोटारीच्या जाहिरातीत ‘एमआयडीसी रेंज’ असे शब्द वाचून महाराष्ट्रातील वाचक औद्योगिक वसाहतीकडे वळतो. प्रत्यक्षात ते वाहन चाचणीच्या एका प्रमाणित भारतीय पद्धतीचे संक्षिप्त नाव आहे. चाचणीत मिळालेले अंतर प्रत्यक्ष रस्त्यावर मिळत नाही. घाटातील चढ, वातानुकूलन व महामार्गाचा वेग यांमुळे ते बरेच घटते. त्यामुळे खरेदीदारास फसल्यासारखे वाटते, विक्रेता प्रमाणपत्र दाखवतो आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. अंतर पुरेल की नाही या धास्तीस ‘रेंज अँक्झायटी’ हे नाव अमेरिकेत १९९० च्या दशकात मिळाले. नाव मिळाल्यावर ती धास्ती वाहनाचा दोष न राहता चालकाच्या मनाचा विकार वाटू लागते, ही या शब्दाची खुबी.

याच प्रवाहात कार्यालयीन बोलीचा विचार करावयास हवा. विज्ञानातील शब्द कार्यालयात येताना आपला अर्थ दाराबाहेर ठेवून येतात. ‘बँडविड्थ’ हा संदेशवहनातील मोजता येणारा शब्द. कार्यालयात ‘बँडविड्थ नाही’ म्हणजे सवड नाही, किंवा सवड आहे पण इच्छा नाही. ‘इकोसिस्टम’ हा शब्द आर्थर टान्सली या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३५ मध्ये परिसंस्थेसाठी योजला. आज वीजवाहनांच्या व्यवसायात ‘चार्जिंग इकोसिस्टम’ म्हणतात तेव्हा त्यात यंत्राचा निर्माता, जागेचा मालक, वीजपुरवठादार, अॅप चालवणारी कंपनी व देखभालीचा ठेकेदार असे पाच-सहा घटक असतात. तलावातील परिसंस्थेत मासा मेला तर कोणास जाब विचारता येत नाही. या परिसंस्थेतही यंत्र बंद पडले तर तीच गत होते. पडद्यावर ‘चार्जर ऑफलाइन आहे’ एवढेच येते, आणि दूरध्वनी केल्यास ‘इश्यू एस्कलेट केला आहे’ असे उत्तर मिळते. यंत्र कोणी बंद ठेवले व ते कोण सुरू करणार, या दोन्ही वाक्यांत कर्ता नाही. इंग्रजीवर सर्व दोष टाकण्याचे मात्र कारण नाही. ‘आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत आहे’ या अस्सल मराठी वाक्यातही कर्ता शोधून सापडत नाही.

आकड्यांची परिभाषा याहून फसवी असते. अमेरिकेच्या संघराज्य शासनाने २०२३ मध्ये, आपल्या निधीतून उभारल्या जाणाऱ्या भरणयंत्रांनी वर्षातील किमान ९७ टक्के वेळ चालू स्थितीत असले पाहिजे, असा नियम केला. ९७ टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी गुणवत्ता यादीत चमकतो, म्हणून हा आकडा उत्तम वाटतो. परंतु उरलेले ३ टक्के म्हणजे वर्षातील सुमारे २६३ तास, जवळजवळ अकरा दिवस. निर्मनुष्य रस्त्यावर एकच यंत्र असेल आणि त्या अकरा दिवसांत तेथे पोहोचावे लागले तर ९७ हा आकडा काही कामाचा नाही. पुन्हा, यंत्र चालू आहे पण त्यापुढे कोणी पेट्रोलची मोटार लावून गेला आहे, ही स्थिती यात चालूच धरली जाते.

रांग आणि रोजगार

सोयीचा वाद मोटारमालकांपुरता मर्यादित ठेवल्यास त्यातील सर्वांत गंभीर भाग सुटून जातो. महाराष्ट्रात इंधनासाठी रोज रांग लावणारा वर्ग सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षा व टॅक्सी चालकांचा आहे. सीएनजी भरण्याची प्रत्यक्ष क्रिया काही मिनिटांचीच असते. हा वायू सुमारे २०० पट वातावरणीय दाबाने टाकीत साठवला जातो. केंद्रावरील साठवण टाक्यांतील दाब एकामागून एक वाहने भरताना उतरत जातो आणि कंप्रेसर तो पुन्हा वाढवेपर्यंत भरण्याची गती मंदावते. म्हणूनच नळी तीच असूनही सकाळच्या गर्दीत टाकी अर्धवट भरल्याची तक्रार ऐकू येते. वीज गेली की कंप्रेसर थांबतो. जेथे वाहिनी नाही तेथे वायू टँकरच्या टाक्यांतून येतो, त्यामुळे पुढचा ट्रक येईपर्यंत सर्वच थांबते. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुख्य वायुवाहिनीस इजा झाल्याने मुंबई महानगर परिसरातील सीएनजी पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा अनेक पंप बंद पडले व रिक्षांच्या रांगा रस्त्यांवर आल्या.

नोकरदार मोटारमालकाने रांगेत घालवलेला तास हा त्याच्या विश्रांतीतून जातो, रिक्षाचालकाचा तास त्याच्या मिळकतीतून. एकाच मिनिटाची किंमत दोघांना एक नाही. त्यामुळे मिनिटांची सरासरी काढून कोणते इंधन सोयीचे हे ठरवणाऱ्या तक्त्यांना फारसा अर्थ उरत नाही.

बॅटरी भरण्याऐवजी बदलणे हा उपाय याच वर्गास अधिक उपयोगी पडण्याची शक्यता आहे. मोटारींसाठी तो करून पाहणारी बेटर प्लेस ही शाई अगासी यांनी २००७ मध्ये स्थापन केलेली कंपनी इस्रायल व डेन्मार्कमध्ये काम करीत होती. मे २०१३ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. तिच्या केंद्रांत बसणारे मोटारीचे एकच मॉडेल बाजारात होते आणि त्याचे ग्राहक फार थोडे मिळाले. दुचाकी-तीनचाकींच्या बॅटऱ्या हाताने उचलता येतात, त्यांस यंत्रमानव लागत नाही. तैवानमध्ये गोगोरो कंपनीने २०१५ पासून स्कूटरसाठी ही पद्धत रुजवली. भारतात केंद्रीय परिवहन मंत्रालयाने ऑगस्ट २०२० मध्ये बॅटरीविना वाहन विकण्यास व नोंदवण्यास अनुमती दिली, त्यामागे हाच विचार होता.

वाहन उभे कोठे राहते

रात्रीच्या वेळी दारात प्लग असणे हे वरील हिशेबातील गृहीत आता तपासता येईल. केंद्रीय विद्युत मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले की, वाहन भरून देणे ही सेवा असून ती वीजविक्री नव्हे, त्यामुळे त्यासाठी परवाना लागत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राच्या नमुना इमारत उपविधींत दुरुस्ती होऊन वाहनतळाच्या २० टक्के क्षमतेस वीजवाहनांची सोय असावी, असे सुचवण्यात आले. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या अस्तित्वातील वीजजोडणीवरून वाहन भरण्यास मुभा असल्याचे सांगितले. कागदावर अडथळा उरलेला नाही.

प्रत्यक्षात जुन्या गृहनिर्माण संस्थेत वीजमीटरची खोली एका टोकास आणि वाहन उभे करण्याची जागा दुसऱ्या टोकास असते. स्वतःच्या मीटरपासून तार ओढावयाची तर ती सामाईक भिंतीवरून न्यावी लागते; सामाईक मीटरवरून घ्यावयाची तर बिलाची वाटणी आली आणि वार्षिक सर्वसाधारण सभाही आली. वीस मोटारी प्रत्येकी ३.३ किलोवॅटने एकाच वेळी भरू लागल्यास ६६ किलोवॅटचा भार पडतो. जुन्या इमारतीची मंजूर जोडणी तेवढी नसते. रात्री दहानंतर पाळीपाळीने भरण्याची व्यवस्था केल्यास हाच भार एक तृतीयांशावर येतो, कारण ४० किलोमीटरांच्या रोजच्या वापरास सुमारे ६ युनिटे, म्हणजे दोन तासही लागत नाहीत. चाळीतील, गावठाणातील किंवा रस्त्याकडेला वाहन लावणाऱ्या माणसास मात्र यातील काहीच उपलब्ध नाही. भाडेकरूची अवस्था वेगळीच असते. तार ओढण्याचा खर्च त्याचा, आणि घर सोडताना तार भिंतीवरच राहते. जी वीज घरी निवासी दराने मिळते तीच या माणसांना सार्वजनिक केंद्रावर अधिक दराने व अधिक वेळ घालवून घ्यावी लागते.

महाविद्यालयांचे वाहनतळ या दृष्टीने अद्याप दुर्लक्षित राहिले आहेत. तेथे वाहने सकाळी दहा-अकरापासून पाच-सहा तास एकाच जागी उभी असतात, आणि छतावर सौर संच असल्यास त्याची वीजही नेमकी याच तासांत मिळते. १५ अँपिअरच्या एका प्लगवर सहा तासांत सुमारे १८ युनिटे, म्हणजे छोट्या मोटारीस शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर मिळते. विजेच्या स्कूटरची सुमारे तीन युनिटांची बॅटरी तर या अवधीत बऱ्यापैकी भरते. यासाठी महामार्गावरील महागड्या भरणयंत्राची गरज नाही. उपमीटर, योग्य जाडीची तार, अर्थिंग व गळती-संरक्षक स्विच एवढी सामग्री पुरते. तिचा खर्च विकासनिधीतून करावयाचा की वापरणाऱ्यांकडून युनिटप्रमाणे वसूल करावयाचा, आणि रिकाम्या प्लगवर प्राध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी व विद्यार्थी यांपैकी हक्क प्रथम कोणाचा, याचा निर्णय प्रत्येक महाविद्यालयाच्या व्यवस्थापनास स्वतःच करावा लागेल.